मोंटानाचा हिवाळा आणि गवताची गंजी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी तुम्हाला एका हिवाळ्याची हकीकत सांगणार आहे. हा हिवाळा १८८६-८७ सालचा, आणि मुलूख अमेरिकेच्या उत्तरेचा, कॅनडाच्या सरहद्दीला टेकलेल्या गवताळ पठारांचा. मोंटाना, वायोमिंग, डकोटा ही नावे काउबॉयच्या चित्रपटांमुळे आपल्यापैकी अनेकांच्या कानावरून गेलेली असतात. तिथे वसंत ऋतूत सगळ्या मालकांची माणसे एकत्र येऊन रानोमाळ विखुरलेली गुरे गोळा करीत. या कामाला 'राउंड-अप' म्हणत. १८८७च्या वसंतात गोळा करायला फारशी गुरेच राहिली नव्हती. तेव्हा त्या कडवट विनोदबुद्धीच्या माणसांनी राउंड-अपच्या धर्तीवर एक नवा शब्द केला, 'डाय-अप'. इतिहासाच्या पुस्तकांत तो हिवाळा आज याच नावाने ओळखला जातो.

माझी सारी नोकरी जनावरांच्या दवाखान्यांत गेली. चारा, कडबा, पेंड हे माझ्या रोजच्या बोलण्यातले शब्द. त्यामुळे या हिवाळ्याविषयी वाचताना थंडीचे मला फारसे नवल वाटले नाही. उणे ४० अंशांची थंडी त्या मुलखाला नवी नव्हती. आजही तिथे कधीकधी तेवढा पारा उतरतो, आणि आजही तिथे मांसासाठी गुरे पाळली जातात. ती हिवाळाभर बहुतेक उघड्यावरच असतात आणि वसंतात धडधाकट वासरे देतात. मग १८८७ मध्ये असे काय घडले? थंडी तीच, जनावरही थोड्याफार फरकाने तेच. त्या वेळी रानात गंजी नव्हती, एवढाच काय तो मुख्य फरक. कोकणात भाताच्या पेंढ्याची उडवी असते, देशावर कडब्याची गंजी असते, तशी तिथे गवताची गंजी. ती का नव्हती, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर हवामानाच्या नोंदींत सापडत नाही, व्यापाऱ्यांच्या वह्यांत सापडते.

आधी ती पठारे रिकामी कशी झाली ते पाहू. ती मुळात रिकामी नव्हतीच. तिथे बायसन होते, म्हणजे मोठ्या डोक्याचे, खांद्यावर वशिंडासारखा उंचवटा असलेले रानटी बैल. त्यांच्यावर जगणाऱ्या मूळ अमेरिकी जमाती होत्या. कातड्यासाठी चाललेल्या शिकारीने १८८३च्या सुमारास उत्तरेकडचे बायसन जवळजवळ संपले. त्या पाठोपाठ १८८३-८४च्या हिवाळ्यात मोंटानातील ब्लॅकफीट जमातीवर उपासमार आली. शिकार उरली नव्हती आणि सरकारकडून येणारा शिधा पुरेसा पोचत नव्हता. सुमारे ६०० माणसे मेली असे सांगतात. गुरांच्या हिवाळ्यावर जितके लिहिले गेले, त्याच्या मानाने तीनच वर्षे आधीच्या माणसांच्या या हिवाळ्यावर फार थोडे लिहिले गेले. ज्या गवताला पुढे 'फुकट गवत' म्हटले गेले, त्याची किंमत अशी कोणीतरी आधीच मोजली होती.

या गवतात एक गुण मात्र खरोखरच होता. आपल्याकडे पावसाळा सरला की रानातले गवत वाळते आणि त्यातला कस निघून जातो. तिथल्या ग्रामा आणि बफेलो या गवतांचे तसे नाही. उन्हाळा सरताना पाऊस थोडा, हवा कोरडी, त्यामुळे ती गवते मुळावरच उभ्याने सुकतात आणि बराचसा कस आत राहतो. निसर्गानेच करून ठेवलेला सुका चारा म्हणा ना. पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीवानांनी थकलेले बैल थंडीत तिथेच सोडून दिले आणि वसंतात ते लठ्ठ झालेले सापडले, अशा गोष्टी सर्वत्र पसरल्या. गोष्टी अगदी खोट्या नव्हत्या. पण बेताच्या हिवाळ्यात, भरपूर गवतात सोडलेल्या दोन-चार बैलांची ती गोष्ट होती. तीच लाखो गुरांना लावली गेली.

लावणारे लोक लहानसहान नव्हते. १८७९ मध्ये ब्रिटिश सरकारने क्लेअर रीड आणि आल्बर्ट पेल या दोघांना अमेरिकेतील शेती पाहायला पाठवले. गुरांच्या धंद्यात वर्षाला ३३ टक्के नफा होतो, असे त्यांच्या अहवालात आले. १८८१ मध्ये जेम्स ब्रिस्बिन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याचे 'द बीफ बोनान्झा' हे पुस्तक निघाले. मैदानात जाऊन श्रीमंत कसे व्हावे, हे त्याच्या उपशीर्षकातच लिहिले होते. पाच डॉलरचे वासरू रानात सोडा, चार वर्षांनी चाळीस-पन्नास डॉलरचा बैल विका, मधल्या काळात खर्च जवळजवळ नाही, असे हिशेब त्या काळी सर्रास छापले जात. लंडन आणि एडिंबराच्या दिवाणखान्यांतून पैसा वाहू लागला. रेल्वे होतीच, नॉर्दर्न पॅसिफिकचा मार्ग १८८३ मध्ये मोंटानात पुरा झाला. बर्फाच्या डब्यांतून मांस पूर्वेकडच्या शहरांत जाऊ लागले होते. टेक्सासमधून लांब शिंगांच्या गुरांचे तांडे महिनोन्‌महिने चालत उत्तरेला येत होते.

त्या काळच्या हिशेबाची एक तऱ्हा फार बोलकी आहे. कळप विकत घेताना गुरे मोजली जात नसत. शेकडो मैलांवर पसरलेली गुरे मोजणार कशी? मग वहीतला आकडा खरा धरायचा. दर वर्षी त्यात ठरलेल्या प्रमाणात वासरे मिळवायची, मृत्यूंचे दोन-चार टक्के वजा करायचे आणि आलेली बेरीज पुढच्या गिऱ्हाइकाला विकायची. याला 'बुक काउंट' म्हणत. त्या मालकांविषयी शायेन गावच्या एका गुत्त्यातला किस्सा सांगतात. बाहेर वादळ चालू, आत मालक मंडळी तोंडे पाडून बसलेली. तेव्हा गुत्तेवाला म्हणाला, की घाबरू नका, वह्या काही गोठत नाहीत. किस्सा रचलेलाही असेल, पण धंद्याची रीत त्यात नेमकी पकडली आहे. एडिंबरामध्ये १८८३ साली उभी राहिलेली स्वान लँड अँड कॅटल कंपनी अशाच वहीतल्या आकड्यांवर घेतलेली होती. पुढे प्रत्यक्षात गुरे किती, हे पाहायची वेळ आली तेव्हा आकडा फारच खाली आला.

गुरांची निदान वहीत तरी मोजणी होती. गवताची कुठेच नव्हती. जमीन सरकारी, गवत कुणाचेच नाही, म्हणजे जो आधी चारेल त्याचे. एका माणसाने शहाणपणाने गुरे कमी केली तर राहिलेले गवत शेजाऱ्याची गुरे खाणार. मग कमी कोण करील? ज्या ठिकाणी कुणालाच राखावेसे वाटत नाही, तिथले गायरान कसे होते ते आपण जाणतोच.

त्यात १८८५ मध्ये आणखी भर पडली. मूळ अमेरिकी जमातींसाठी राखलेल्या दक्षिणेकडच्या प्रदेशात काही कंपन्यांनी गुरे घातली होती. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी ती ४० दिवसांत बाहेर काढण्याचा हुकूम त्या वर्षीच्या जुलैमध्ये दिला. दोन लाखांहून अधिक गुरे आधीच भरलेल्या चराऊ रानांत लोटली गेली. पाठोपाठच्या हिवाळ्यात दक्षिणेत, कॅन्सास आणि टेक्सासच्या उत्तर भागात, वादळांनी प्रचंड हानी केली. हा खरे तर इशारा होता. पण बाजारभाव उतरलेले होते. आता विकून तोटा घेण्यापेक्षा अजून एक वर्ष गुरे रानातच ठेवू, असा विचार बहुतेकांनी केला. रानात ठेवायला खर्च थोडाच होता!

१८८६चा उन्हाळा कोरडा गेला. गवत वाढले नाही, ओढे आटले, ठिकठिकाणी वणवे लागले. तरी दक्षिणेकडून तांडे येतच होते. उशिरा आलेल्या, वाटेत वाळलेल्या या गुरांना तिथले लोक 'पिलग्रिम' म्हणत, म्हणजे यात्रेकरू. त्यांच्या अंगावर चरबी नव्हती आणि उत्तरेच्या थंडीतली दाट लवही आली नव्हती. ग्रॅनव्हिल स्टुअर्ट हा मोंटानातला जुना जाणता पशुपालक. त्याने लिहून ठेवले आहे, की त्या शरद ऋतूत पक्षी लवकर दक्षिणेला गेले, बीव्हर प्राणी नेहमीपेक्षा जास्त लाकडे साठवू लागले आणि उत्तर ध्रुवाकडची पांढरी घुबडे दिसली. असल्या शकुनांवर माझा फारसा विश्वास नाही. खुरटलेले गवत पाहून जे कळायला हवे होते, त्यासाठी घुबडाची गरज नव्हती.

नोव्हेंबरात बर्फ सुरू झाले. आता इथे एक बारकावा सांगायला हवा, कारण सारा अनर्थ त्यातच आहे. भुसभुशीत बर्फाखालचे गवत गाय तोंडाने बर्फ सारून खाऊ शकते. घोडा खुराने बर्फ उकरतो. बायसन आपले ते भले मोठे डोके डावी-उजवीकडे झाडत बर्फ बाजूला लोटतो. त्याच्या खांद्यावरचा उंचवटा म्हणजे या कामासाठीचे स्नायूच. गायीपाशी फक्त मऊ नाकपुडी. त्या हिवाळ्यात मध्येच ऊब आली, वरचे बर्फ अर्धवट वितळले आणि पुन्हा गोठले. गवतावर काचेसारखा कडक थर बसला. खाली चारा आहे, वर जनावर उभे आहे, आणि मध्ये चार बोटे बर्फ. त्या थराने नाकपुड्या सोलवटल्या, पाय कापले गेले. बर्फावर रक्ताच्या खुणा दिसत, असे त्या वेळच्या माणसांनी लिहिले आहे.

जानेवारी १८८७ मध्ये मोठी वादळे आली. महिनाअखेरचे सर्वांत वाईट. पारा उणे ४०च्या आसपास. (या आकड्याची गंमत अशी की फॅरनहाइट काय अन् सेल्सिअस काय, उणे ४० दोन्हीकडे सारखेच असते.) गुरांची खोड अशी की वादळात ती वाऱ्याकडे पाठ करून चालू लागतात. चालत चालत ती नदीच्या खोलगट पात्रात उतरत, बर्फाने भरलेल्या घळीत अडकत किंवा काटेरी तारेच्या कुंपणाशी येऊन थांबत, आणि मागून येणारी त्यांच्यावर कोसळत. उपाशी गुरे गावांत शिरली, लोकांनी दारात लावलेली झाडे त्यांनी खाल्ली, झोपड्यांना लावलेला डांबरी कागदही ओरबाडला, अशी वर्णने आहेत. टेडी ब्लू ॲबट या काउबॉयच्या आठवणी १९३९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यात तो सांगतो, की बर्फाच्या चकाकीने डोळे जाऊ नयेत म्हणून हे लोक डोळ्यांभोवती काजळी फासून बाहेर पडत आणि नदीच्या गोठलेल्या पात्रातल्या भोकांत गुरे पडू नयेत म्हणून त्यांना हाकलत राहत. मालक बहुतेक दूरच्या शहरांत होते. घोड्यावर बसून मरणाऱ्या गुरांमागे फिरणारे हे महिना तीस-चाळीस डॉलरचे गडी होते.

त्यातलाच एक चार्ल्स रसेल, वय २२-२३, चित्रे काढण्याचा नाद असलेला. तो ज्या कळपावर होता त्याच्या मालकाने हेलेना शहरातून पत्राने विचारले, गुरांचे कसे काय आहे? उत्तर लिहायला बसलेल्या माणसापाशी रसेल होता. त्याने लहानशा पुठ्ठ्यावर जलरंगात एक गाय काढली: बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, बर्फात पाय रोवून, मान खाली घालून उभी, आणि सभोवार वाट पाहणारे लांडगे. पत्राऐवजी हेच चित्र पाठवले म्हणतात. 'वेटिंग फॉर अ शिनूक' या नावाने ते पुढे प्रसिद्ध झाले. शिनूक म्हणजे रॉकी पर्वतावरून उतरणारा उबदार कोरडा वारा, जो काही तासांत बर्फ वितळवतो. अमेरिकेच्या पश्चिमेचा मोठा चित्रकार म्हणून रसेल पुढे नावाजला, त्याची सुरुवात या बोटभर चित्राने झाली.

शिनूक आला तो मार्चमध्ये. नद्या फुटल्या. लिटल मिझुरी नदीच्या पुरातून बर्फाच्या लाद्यांबरोबर मेलेली गुरे दिवसामागून दिवस वाहत गेली, हे काठावर राहणाऱ्यांनी पाहिले. त्याच नदीकाठी थिओडोर रूझवेल्ट यांची दोन गुरांची ठाणी होती. ८० हजार डॉलरहून जास्त रक्कम त्यांनी या धंद्यात घातली होती. त्या हिवाळ्यात ते युरोपात होते, नुकतेच दुसरे लग्न झाले होते. वसंतात परत येऊन पाहतात तो निम्म्याहून अधिक कळप गेलेला. १९०१ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि सरकारी जंगले व कुरणे राखण्याचा आग्रह त्यांनी धरला. त्यामागे हा अनुभव किती होता यावर अभ्यासकांत मतभेद असतील. काहीच नव्हता असे मात्र मला वाटत नाही.

एकूण गुरे किती मेली? मोंटानापुरता सुमारे ६० टक्के, असा अंदाज नेहमी दिला जातो. पण मुळात होती किती हेच नक्की नसल्यावर मेली किती हे कसे ठरणार! कित्येक मालकांनी वहीतली खोटी गुरेसुद्धा या हिवाळ्याच्या नावावर मारून टाकली असावीत. अलेक्झांडर स्वानचे मे १८८७ मध्ये दिवाळे निघाले. परदेशी पैसा आला तसा निघून गेला. ग्रॅनव्हिल स्टुअर्टने लिहून ठेवले, की ज्या जनावराला मी खायला घालू शकत नाही आणि आसरा देऊ शकत नाही, असे जनावर मला यापुढे नको. त्याने धंदाच सोडला.

सगळेच मात्र बुडाले नाहीत. ज्यांच्यापाशी शे-दोनशे गुरे आणि ओढ्याकाठचे एखादे गवताचे कुरण होते, ज्यांना हे मोठे मालक हसत असत, त्यांची बरीच जनावरे वाचली. आणि मोठ्यांतला कॉनरॅड कोर्स टिकला. जर्मनीच्या उत्तरेचा हा माणूस १८६२ मध्ये सोन्याच्या खाणींवर खाटीक म्हणून आला. १८६६ मध्ये त्याने डीअर लॉज खोऱ्यातले जॉनी ग्रँटचे ठाणे विकत घेतले. या ग्रँटचा मूळ धंदाही ऐकण्यासारखा आहे. पश्चिमेकडे जाणाऱ्या वाटसरूंचे दोन थकलेले बैल घ्यायचे, बदल्यात एक धष्टपुष्ट द्यायचा. घेतलेले दोन खोऱ्यात चारून पुढच्या वर्षी पुन्हा तोच सौदा करायचा. कोर्सने त्या खोऱ्यात पाट काढून कुरणे भिजवली आणि हिवाळ्यासाठी गवत कापून ठेवायला सुरुवात केली. मोकळ्या रानात असलेली त्याची गुरेही १८८७ मध्ये फार मोठ्या संख्येने मेली, हे सांगायला हवे. पण घर शाबूत होते. ब्यूटच्या ए. जे. डेव्हिस या पेढीवाल्याने त्याला एक लाख डॉलर उसने दिले, नुसत्या शब्दावर. कोर्सने ते काही वर्षांतच फेडले.

ते ठाणे आता राष्ट्रीय स्मारक आहे. मुलीकडे गेलो होतो तेव्हा मी ते मुद्दाम पाहून आलो. दिवाणखान्यातल्या उंची लाकडी सामानापुढे प्रवाशांची गर्दी होती. मी मात्र गवत कापण्याच्या यंत्रांपाशी रेंगाळलो. घोड्यांनी ओढायची कापणी, मागून येणारी दाताळ्यांची गाडी, आणि 'बीव्हरस्लाइड'. हे लाकडाच्या बल्ल्यांचे तिरके, उंच घसरगुंडीसारखे मचाण. खालून गवताचा भारा दोरखंडाने घोडे ओढतात, तो चढत वर जातो आणि पलीकडे गंजीवर पडतो. पश्चिम मोंटानातल्या बिग होल खोऱ्यात हे यंत्र तयार झाले आणि १९१० मध्ये त्याचे पेटंट निघाले. ते खोरे दहा हजार गंज्यांचे खोरे म्हणून ओळखले जाते. गंजी पावाच्या लादीसारखी, माथ्याला गोल, म्हणजे पाणी-बर्फ ओघळून जावे. गवत ओले रचले तर आत तापते, बुरसटते, क्वचित पेटही घेते. फार वाळवले तर पाने झडून नुसत्या काड्या उरतात. हे आपल्या कडबा रचणाऱ्याला सांगायला नको.

आता या गंजीचा हिशेब मांडून पाहा. मध्यम बांध्याच्या मांसाच्या गायीला थंडीत रोज १२ किलोच्या आसपास सुके गवत लागते. बर्फाचे दिवस पाच महिने धरले तर एका गायीमागे पावणेदोन-दोन टन झाले. साध्या कुरणात एकरी टन-दीड टन गवत निघते. म्हणजे गाय ठेवायची तर तिच्या नावाने सव्वा ते दोन एकर कुरण हवे, त्याला पाणी हवे आणि जुलै-ऑगस्टमध्ये ते कापणारे हात हवेत. १८८७ नंतर कळपाचा आकार वहीवरून ठरेनासा झाला, गंजीवरून ठरू लागला. काउबॉयना ही नवी रीत अजिबात आवडली नाही. घोड्यावरून उतरून करायचे काम म्हणजे कमीपणा, आणि त्यातून हातात गवताची दाताळी! चित्रपटांतही तुम्हाला पिस्तूल घेतलेला काउबॉय भेटतो, गवत रचणारा भेटत नाही. पण त्या मुलखातली गुरे टिकली ती या दुसऱ्यामुळे.

हिवाळ्यात रोज सकाळी दोन दणकट घोड्यांच्या घसरगाडीवर गवत भरायचे आणि बर्फावर लांबच लांब ओळीत टाकत जायचे. ओळ लांब असली की दांडगी गाय दुबळीला हुसकू शकत नाही; ती पुढे सरकून खाते. रोज जागा बदलायची, म्हणजे चारा शेणात पडत नाही आणि खतही रानभर पसरते. कुऱ्हाडीने पाण्यावरचे बर्फ फोडायचे. आज ट्रॅक्टर आणि गवताचे गोल गठ्ठे आले, काही ठिकाणी घोडेही आहेत. काम मात्र रविवारी किंवा नाताळातही चुकत नाही.

चारा हेच गायीचे पांघरूण, असे मी माझ्या शेतकऱ्यांना सांगायचो, ते तिथे शब्दशः खरे आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात गवत आंबते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. भरल्या पोटाच्या गायीच्या आत एक शेगडीच पेटलेली असते. दाट, कोरडी लव असलेल्या गायीला साधारण उणे ८ अंश सेल्सिअसपर्यंत थंडीसाठी वेगळी तरतूद करावी लागत नाही. त्याखाली दर अंशाला तिची गरज सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. पण हीच लव भिजली तर १५ अंशांनाच तिला थंडी वाजू लागते. थंडी सोसते, ओल सोसत नाही. म्हणून तिथे जाणकार शेतकरी गोठ्यापेक्षा वारा अडवणारी झाडांची रांग आणि कोरडी बसायची जागा यांची काळजी आधी घेतो. बंद गोठ्यात दमट हवा कोंडून वासरांना फुप्फुसाचा आजार होतो.

चाऱ्याच्या वेळेचीही एक मौज आहे. कडाक्याच्या रात्री जन्मलेले वासरू ओल्या अंगाने तासाभरात गारठते, म्हणून गायी दिवसा व्यायला हव्यात. कॅनडातील मॅनिटोबा प्रांताच्या गस कोनेफाल या पशुपालकाच्या १९७०च्या दशकात लक्षात आले, की सकाळऐवजी उशिरा, रात्री चारा घातला की बहुतेक गायी दिवसाउजेडी वितात. पुढे आयोवा राज्यातल्या १५ शेतांवर संध्याकाळी चारा घालून पाहिले, तर ८५ टक्के वासरे सकाळी सहा ते संध्याकाळी सहा या वेळेत जन्मली. यामागचे कारण अजून पुरते उलगडलेले नाही. विद्यापीठांनी नंतर तपासलेली ही गोष्ट आधी एका शेतकऱ्याने पाहिली, याचा मला विशेष आनंद वाटतो.

असा हिवाळा फक्त अमेरिकेचाच नाही. मंगोलियन भाषेत अशा पशुसंहारक हिवाळ्यासाठी 'झुड' हा शब्द आहे, आणि त्याचे प्रकारही आहेत. दाट बर्फाचा तो पांढरा झुड. वितळून पुन्हा गोठलेल्या थराचा तो लोखंडी झुड. मोंटानातला १८८७ चा हिवाळा पाहून मंगोल गुराख्याने त्याचे नाव लगेच सांगितले असते. पण नाव माहीत असल्याने सुटका होत नाही. २००९-१०च्या झुडमध्ये मंगोलियात ८० लाखांहून अधिक जनावरे मेली.

आणि गंजी असून भागत नाही, असाही एक प्रसंग मोंटानाच्या शेजारी, साउथ डकोटाच्या पश्चिम भागात २०१३ मध्ये आला. महिना ऑक्टोबर, तारखा ३ ते ५. गुरे अजून उन्हाळी कुरणांत, घरापासून मैलोन्‌मैल दूर होती. गवत घराशी रचून तयार होते. थंडीची लव अजून फुटली नव्हती. आधी तासन्‌तास पाऊस पडला, गुरे चिंब भिजली, आणि मग वाऱ्याच्या झोतावर दोन-चार फूट बर्फ आले. जनावरे पुन्हा वाऱ्याकडे पाठ करून चालू लागली, पुन्हा घळींत आणि कुंपणांशी सापडली. हजारोंनी मेली. मेलेल्या गायींच्या पोटात पुढच्या वसंताची वासरे होती. या खेपेला मालक दूरच्या शहरात नव्हते. तेच बर्फातून चालत, कानातले बिल्ले पाहून आपली आणि शेजाऱ्याची गुरे ओळखत होते. अशा हानीची भरपाई देणारी केंद्र सरकारची योजना आधीच संपली होती आणि नवा शेती कायदा संसदेत अडला होता. त्यातच १ ऑक्टोबरपासून १६ दिवस सरकारी कचेऱ्याच बंद होत्या. मेलेल्या जनावरांची नोंद करून घ्यायला खिडकीवर माणूस नव्हता. म्हणून शेतकऱ्यांनी स्वतःच छायाचित्रे काढून, बिल्ल्यांचे क्रमांक वहीत उतरवून ठेवले. नवा कायदा फेब्रुवारी २०१४ मध्ये झाला आणि भरपाई मागील तारखेपासून मिळाली, ती या वह्यांच्या आधारावर.